पाच बाय सहा इंचांचं घर

यंदाच्या ईदीला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने हातात आलेले सगळे पैसे एकत्र केले, थोडे माझ्याकडून उसने घेतले आणि अठराशे रुपयांची एक पेटी मागवली. पेटीवर चित्र होतं एका दुमजली घराचं. युरोपात कुठेतरी असावं तसं घर. उतरतं छप्पर, खाली शेकोटी, वर पलंग, पलंगाशेजारी गिटार, खिडकीत कुंड्या. आत लाकडी पट्ट्यांचे नंबर घातलेले तुकडे, कापडाच्या चिंध्या, छापील कागद, मणी, तार, चिमूटभर दिवे आणि एक चिमटा. हे सगळं जोडून वीतभर उंचीचं घर करायचं. बाहुलीघर.

तीन आठवडे आम्ही बापलेक त्याला चिकटून बसलो. आणि या तीन आठवड्यांत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने मला काही ना काही सुनावलं. मामू आले, त्यांनी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, “घर में बुत बिठाने का काम शुरू किये क्या?” चळवळीतला जुना मित्र आला, तो म्हणाला, “आपल्या माणसांना भाड्याने खोली मिळेना, आणि तू लाकडाची घरं चिकटवतोस!” माझ्या शाळेतल्या एक बाई आल्या, त्यांना काळजी वाटली की मुलीला आतापासूनच स्वयंपाकघर मांडायला शिकवतोय. तिघंही माझ्या प्रेमाची माणसं. तिघांचं म्हणणं तीन दिशांचं. पण तिघांनाही वाटत होतं की हे फालतू काम आहे, आणि एका शिकल्यासवरल्या, पंचेचाळिशीच्या मुसलमान शिक्षकाने ते करू नये.

मला वाटतं की तिघंही चुकतात. पण त्यांना उत्तर देता देता मी स्वतः कुठे चुकलो तेही कळलं, म्हणून हे लिहितोय.

आधी मामूंचं. कारण ते दीनचं नाव घेऊन बोलले, आणि दीनचं नाव घेतलं की आपल्याकडे समोरचा गप्प बसतो.

मामू, हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत होत्या हे मी सांगत नाही, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ते आलेलं आहे. त्यांच्या मैत्रिणी खेळायला यायच्या, पैगंबर (स.) घरात आले की त्या लाजून लपायच्या, आणि तेच त्यांना पुन्हा खेळायला पाठवायचे. अबू दाऊदच्या संग्रहात तर याहून गोड गोष्ट आहे. आयशांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं विचारल्यावर त्या लहान मुलीने सुलेमान (अ.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला, आणि पैगंबर दाढा दिसेपर्यंत हसले. काही उलेमांनी ही सवलत पुढे रद्द झाली असं मत मांडलंय, ते मला माहीत आहे. पण मुलांच्या खेळण्याला मोकळीक देणारे फकीहही कमी नाहीत. ज्या घरात वही उतरत होती त्या घरात चिंध्यांचा घोडा चालला, तर तो माझ्या टू बीएचकेमध्ये का चालू नये?

आणि खरं सांगायचं तर आमच्या पेटीत बाहुली नव्हतीच. एकही माणूस नव्हता. पलंग होता, झोपणारं कुणी नव्हतं. टेबलावर कप होते, पिणारं कुणी नव्हतं. तेव्हा बुताचा प्रश्नच येत नाही. मामूंना खटकलं ते दुसरंच. दाढी पांढरी व्हायला लागलेला पुरुष मुलीसोबत जमिनीवर बसून खेळतोय हे त्यांना पाहवलं नाही. मग तसं म्हणा. आपला संकोच शरीयतच्या खात्यावर कशाला मांडायचा?

बरं, हे काम परकं आहे असंही नाही. मी मिरजेचा. आमच्या गल्लीत दिवाळीला किल्ला व्हायचा. दगड-माती आणायला आम्ही मोमीन-शिकलगारांची पोरं पुढे असायचो. चिखलाचे बुरूज, पोत्याचे डोंगर, वर पेरलेली मोहरी, आणि मातीचे मावळे. एक हात उंचीचा रायगड. तो फालतूपणा आहे असं महाराष्ट्रात कुणी म्हणत नाही. आणि मोहरममध्ये ताबूत बनायचे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड. ताजिया म्हणजे काय? इमाम हुसेन यांच्या रौजाची प्रतिकृतीच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत तर गगनाला भिडतात, आणि ते बांधायला, उचलायला हिंदू-मुसलमान दोघंही असतात. म्हणजे छोटं घर बांधायची कला आपल्या हातात होतीच. मामूंना ताजियाही मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या नानांनी, उभी हयात ताबुतांचा कागद कातरला हेही मला ठाऊक आहे. कातरलेल्या त्या जाळीचा एक तुकडा अम्मीच्या पेटीत अजून आहे.

आता बाईंचं म्हणणं. ते मामूंच्या म्हणण्यापेक्षा जास्त वजनदार आहे, आणि इतिहास त्यांच्या बाजूने उभा आहे. १६३१ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात आना क्योफर्लिन नावाच्या बाईने एक मोठं बाहुलीघर तयार करून लोकांना दाखवायला ठेवलं होतं. मुलींनी ते पाहावं आणि घर नीट कसं चालवायचं ते शिकावं, हा त्यामागचा हेतू. म्हणजे भांडी कुठे, कपाट कुठे, मोलकरीण कुठे. आपल्या भातुकलीतही तेच होतं. मुलगी खोटा भात शिजवत मोठी होते आणि मग आयुष्यभर खरा शिजवते.

पण त्याच खेळण्याचं एका दुसऱ्या बाईने काय केलं तेही पाहा. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली नावाची श्रीमंत घरातली बाई होती. तिला गुन्हेतपासात रस, पण त्या काळात ते बाईचं काम नव्हतं. तिने १९४०च्या दशकात एकास बारा प्रमाणात छोट्या खोल्या बनवल्या. एक इंच म्हणजे एक फूट. खोलीत भांडी, पडदे, हाताने विणलेले इवले मोजे, आणि एक प्रेत. त्या खोल्या हार्वर्ड विद्यापीठात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी ठेवल्या. आडदांड पोलीस अधिकारी त्या बाहुलीघरासमोर उभे राहून शिकत होते की खोलीत शिरल्यावर नजर कुठून कुठे फिरवायची, काय जागेवर नाही ते कसं ओळखायचं. घर मांडायचं शिक्षण तिला मिळालंच होतं. त्यातून तिने पोलिसांना घर वाचायला शिकवलं.

तेव्हा बाई, खेळणं वाईट नाही. त्याच्यासमोर बसून मुलीला कोणता प्रश्न विचारायचा ते आपल्या हातात आहे. माझ्या मुलीने या तीन आठवड्यांत प्रमाण म्हणजे काय ते शिकलं, जे मी वर्गात फळ्यावर दोन दोन तास शिकवूनही पोरांच्या डोक्यात शिरत नाही. डिंक लावण्याआधी तुकडे नुसतेच जुळवून पाहायचे असतात, हे ती शिकली. कागद भिंतीला चिकटवण्याआधी दिव्यांच्या तारा आत घालायच्या असतात, हे ती शिकली, कारण मी ते उलटं केलं आणि सगळा कागद फाडावा लागला. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकला मी झटपट चिकटणारा डिंक लावला, आणि त्याच्या वाफेने ती खिडकी कायमची पांढरट धुरकट झाली. हे शहाणपण माहितीपत्रकात नव्हतं, चुकून आलं. माझं म्हणणं एवढंच की हे शहाणपण मुलग्यांनाही मिळू द्या. माझा दहा वर्षांचा पुतण्या दोन दिवस दारातून पाहत होता. “लडकियों का है,” म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्याने शिडी जोडली आणि ती सरळ जोडली.

आता मित्राकडे येतो. याचं म्हणणं सगळ्यांत टोचणारं, कारण ते अर्धं खरं आहे.

बाहुलीघर हे श्रीमंतांचं खेळणं म्हणूनच जन्माला आलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस आम्स्टरडॅममधल्या पेट्रोनेला ओर्टमन या व्यापाऱ्याच्या बायकोने वर्षानुवर्षं पैसा ओतून कपाटाएवढं बाहुलीघर सजवलं. त्यातली चिनी मातीची इवली भांडी तिने चीनमधून मागवली होती. तेवढ्या खर्चात कालव्याकाठी एक खरं घर आलं असतं असं म्हणतात. आज ते तिथल्या राइक्स म्युझियममध्ये आहे.

पण माझ्या मित्राला हवं असलेलं उदाहरण याहून जवळचं आहे. ते मीच त्याला देतो. नवी दिल्ली ज्याने आखली तो एडविन लटियन्स. एकीकडे दिल्लीत व्हाइसरॉयसाठी तो महाल बांधत होता, आणि त्याच वर्षांत, १९२१ ते १९२४, इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघरही बांधत होता. एकास बारा प्रमाण. त्यात वीज होती, चालणारी लिफ्ट होती, नळाला गरम आणि थंड पाणी होतं, संडासाला चालणारा फ्लश होता. तळघरात खऱ्या दारूच्या इवल्या बाटल्या होत्या. ग्रंथालयात त्या काळच्या नामांकित लेखकांनी लिहिलेली नखाएवढी पुस्तकं होती. १९२४ साली वेम्बली इथे भरलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनात ते लाखो लोकांनी पाहिलं. आता ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे गिरणी कामगारांसाठी चाळी उभ्या राहू लागल्या. आपल्या बीडीडी चाळी. एका कुटुंबाला एकशे साठ चौरस फुटांची एक खोली, आणि संडास मजल्यावर सामाईक. साम्राज्य तेच होतं. त्या साम्राज्यात बाहुलीला तिचा स्वतःचा संडास होता, आणि माणूस सकाळी डबा घेऊन रांगेत होता. कॉम्रेड, यापुढे तू काय म्हणणार? तुझं बरोबर आहे.

आणि भाड्याच्या खोलीचंही बरोबर आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात घर शोधत होतो तेव्हा ही मुलगी सोबत असायची. एजंट फोनवर गोड बोलायचा, नाव सांगितलं की घसा खाकरायचा. एका सोसायटीत आम्ही घर पाहिलं, आवडलं, मुलीने स्वयंपाकघरातल्या खिडकीत स्वतःची जागाही ठरवून टाकली. संध्याकाळी निरोप आला, “मालकांच्या घरी नाही म्हणतायत, तुम्ही समजून घ्या.” आम्ही समजून घेतलं. आम्ही नेहमीच समजून घेतो. तिने मात्र समजून घेतलं नाही. ती कितीतरी दिवस विचारत होती की त्या खिडकीत आता कोण बसतं.

बाहुलीघराने हा अन्याय मिटत नाही, मीही तसं म्हणत नाही. ज्याला तो मिटवायचा असेल त्याने कायद्याची मागणी करावी, सोसायट्यांशी भांडावं, आणि मीही त्या भांडणात आहे. पण अन्याय होतोय म्हणून पोरीने खेळायचं नाही, हे कुठलं तत्त्व? आपण गरिबी आणि अन्यायाबद्दल बोलून बोलून असे झालो आहोत की आपल्या मुलांच्या हातात एखादी सुंदर वस्तू दिसली तरी आपल्याला गुन्हा केल्यासारखं वाटतं. कॉम्रेड, तुझ्या मुलाने गिटारचा क्लास लावला तेव्हा मी काही म्हटलो नव्हतो.

आणि आणखी एक गोष्ट. प्रमाण फार निर्दय असतं. ते खोटं बोलत नाही. आमची पेटी एकास चोवीसची. एक फूट म्हणजे अर्धा इंच. वरचा मजला जोडून झाला तेव्हा मुलीने पट्टीने मोजला. पाच इंच बाय सहा इंच. ती म्हणाली, “अब्बू, खरं असतं तर किती?” मी म्हटलं, दहा फूट बाय बारा फूट. आणि मी बोलता बोलता थांबलो. मिरजेची आमची खोली दहा बाय बारा होती. तिच्यात आम्ही सात माणसं होतो. दादा-दादी, अब्बा-अम्मी, आम्ही तीन भावंडं. त्यातच मोरी, त्यातच चूल. पेटीवरच्या चित्रात तेवढ्याच जागेत एक पलंग, एक गिटार आणि एक मांजर होतं.

मुलीला विश्वास बसेना. मग आम्ही पुठ्ठ्याची सात माणसं कापली, प्रत्येकाची उंची चोवीसने भागून, आणि ती त्या खोलीत आडवी झोपवून पाहिली. मावली. पण दार उघडेना. “मग रात्री दादीला बाहेर जायचं असेल तर?” तिने विचारलं. मी म्हटलं, “मला उठवायची. मी दाराशी झोपायचो.” माझ्या आयुष्यातली ही गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नव्हती. व्याख्यानात दारिद्र्यरेषेचे आकडे सांगितलेत, हे सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं भांडण आता त्या तिघांशी उरलं नाही. ते आहे पेटीशी, आणि त्यानंतर माझ्याशी.

पेटीशी भांडण हे, की ती तुम्हाला घर बांधल्याचा आनंद विकते आणि घराबद्दलचा एकही निर्णय तुमच्या हातात ठेवत नाही. सगळं आधीच यंत्राने कापलेलं. एक नंबर दोन नंबरला, दोन नंबर तीनला. भिंतीवर कुठलं चित्र लावायचं ते ठरलेलं, टेबलावर काय खायचं ते ठरलेलं. जगातल्या हजारो घरांत हेच एक घर उभं राहतंय, आणि ते जगातल्या कुणाचंही घर नाही. तिथे चूल नाही, झाडू नाही, बादली नाही, म्हातारं माणूस नाही. औषधाची बाटली नाही. जिथे माणूस राहतो त्याची एक खूण नाही. शिवाय आमच्या पेटीत जिन्याची एक पायरी कमी निघाली. विकणाऱ्याला तीन वेळा कळवलं, उत्तर नाही. त्याचे मी आभार मानतो. ती पायरी आइस्क्रीमच्या काडीची करावी लागली, आणि एक तुकडा आपला झाल्यावर मुलीला धीर आला. मग ती सुटलीच.

दारूच्या दोन बाटल्या होत्या, त्या लाल रंगवून रूह अफजाच्या झाल्या. शेकोटीच्या जागी मोरी आली, मोरीत मण्याला तारेची तोटी लावून बधना आला. गिटार काढलं आणि तिथे शिवणयंत्र ठेवलं, कारण तिची नानी शिवणकाम करून जगली. परदेशी शहराच्या फोटोवर मशिदीच्या नमाजच्या वेळांचं कॅलेंडर चिकटलं. आणि तिला रेहल हवी होती. कुराण ठेवायची रेहल. खरी रेहल दोन फळ्यांची नसते, एकाच फळीतून चिरून काढतात, सांधा न करता, आणि ती कैचीसारखी उघडते. ते मला जमेना. अर्ध्या इंचाची रेहल मी चार वेळा मोडली.

तेव्हा ती म्हणाली, “दादांना विचारूया ना. ते मिस्तरी होते ना?”

इथे माझं माझ्याशी भांडण सुरू होतं.

माझे अब्बा फर्निचरला पॉलिश मारायचे. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाचा बोळा कापडात बांधायचा, आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचं, दिवसच्या दिवस, चेहरा दिसेपर्यंत. त्यांची नखं कायम तपकिरी असायची. सांगली-मिरजेतल्या बड्या घरांतली कपाटं त्यांच्या हाताने चमकली, आणि त्या घरांत ते मागच्या दाराने जायचे. चहा वेगळ्या कपात यायचा. मला हे लहानपणी दिसत होतं. मला त्या घरांचा राग यायला हवा होता. मला अब्बांच्या नखांची लाज वाटली. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘बिझनेस’ लिहिलं. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सांगितलं, फर्निचरचं काम होतं. सोळा वर्षं झाली त्याला.

आपण सगळेच असं करतो. आपली आडनावं बघा. शिकलगार, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी. धंद्यांची यादीच आहे ती. नव्वदच्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने महाराष्ट्रात हेच तर सांगितलं की इस्लाममध्ये जात नसेल, मुसलमानांत आहे, आणि ती हातांच्या कामाला चिकटलेली आहे. आपण दाखले काढले, सवलती घेतल्या, त्या घ्यायलाच हव्या होत्या. पण दाखला हातात आल्यावर काम मात्र लपवलं. आमच्या मिरजेत शिकलगारांनी हत्यारं घासायचं काम सोडून सतार-तंबोरे बनवायला घेतले आणि मोठमोठ्या गवयांच्या मांडीवर मिरजेचा तंबोरा गेला. त्या सतारमेकरांच्या गल्लीतून मी शाळेत जायचो. मला एकाही मास्तरांनी सांगितलं नाही की ही जगातली एक मोठी विद्या आहे, दारात उभा राहून बघ. मीही शिक्षक झाल्यावर एकाही मुलाला सांगितलं नाही. मी सांगितलं, “शीक, नाहीतर मिस्तरी होशील.” हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. आठवून बघा.

आणि मग आम्ही शिकतो, नोकरी लागते, हात मऊ होतात, आणि एक दिवस अठराशे रुपये देऊन लाकडाचे तुकडे घासायला बसतो. त्याला छंद म्हणतो. मन शांत होतं म्हणतो. बापाने केलं तेव्हा तेच काम हलकं होतं. पैसे मिळाले तर मजुरी, पैसे दिले तर छंद, असा हा न्याय! माझ्या मित्राने मला ‘चोचले’ म्हटलं तेव्हा मी चिडलो, पण खरा चोचला कुठे होता ते त्यालाही दिसलं नाही. घर बांधण्यात तो नव्हता. ज्याच्या हातात ही विद्या होती तो माणूस शेजारच्या खोलीत तसबीह घेऊन बसलेला असताना मी मोबाइलवर परक्या माणसांचे व्हिडिओ लावून लाकूड कसं घासायचं ते शिकत होतो.

अब्बा आले. चौऱ्याहत्तर वय, हात थोडे थरथरतात. चश्मा पुसला. घर हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं आणि पहिलं वाक्य बोलले, “घोटाई नहीं किये.” कडा न घासताच मी रंग दिला होता हे त्यांना बोटाने कळलं. मग ते बसले. पुठ्ठ्यासारख्या त्या लाकडाची कड पाणी पिते, तिला आधी पातळ लाख पाजावी लागते, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा लाख, हे त्यांनी मुलीला दाखवलं. इतकं बोलताना मी त्यांना वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. रेहलचं म्हणाल तर ती त्यांनाही एकाच तुकड्यातून जमली नाही, हात हलला. मग त्यांनी आइस्क्रीमच्या काडीच्या दोन तुकड्यांना खाचा पाडल्या आणि एकात एक बसवल्या. “ये नकली है,” म्हणाले, “असली सीखनी है तो बडा लकडा लाओ.” मुलीने पुढच्या रविवारी मोठं लाकूड आणवलं. सध्या आमच्या गॅलरीत भुसा आहे आणि बायको माझ्याशी बोलत नाही.

मग त्यांनी विचारलं, “कितने का आया ये?” मी सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “अठरासौ तो मेरेकू दिवान साहब के बंगले का पूरा काम करके मिले थे. दो महिने का.” आणि पुन्हा घासायला लागले.

तेव्हा वाचकहो, ज्यांना पेटी आणायची असेल त्यांनी खुशाल आणा. मुलांच्या हातात मोबाइलपेक्षा चिमटा बरा. पण दोन गोष्टी करा. पेटीवरचं चित्र पहिल्याच दिवशी फाडून टाका, आणि मुलांना तुम्ही जिथे वाढलात त्या खोलीचं माप द्या. लांबी, रुंदी, माणसं किती, संडास किती पावलांवर. ते माप चोवीसने भागायला लावा आणि मग बघा तुमच्याच घराचा कुठला इतिहास बाहेर येतो. आणि दुसरी गोष्ट, ज्याच्या हाताला काम येतं त्या माणसाला बोलवा. तुमच्या घरात, बिरादरीत, मोहल्ल्यात तो आहे. सुतार असेल, रफूगार असेल, कल्हईवाला असेल. त्याला पुढच्या दाराने आत घ्या, मुलांसमोर खुर्ची द्या, आणि शिकवण्याचे पैसे द्या. पेटीला दिले त्यापेक्षा कमी देऊ नका.

मुलीच्या शाळेचा नवा फॉर्म परवा आला. आजोबांच्या कामाचा रकाना त्यात नव्हता. समासात जागा होती. तिने स्वतःच लिहिलं, ‘दादा : पॉलिश कारागीर, मिरज’. मी सही केली.